लूम थांबले की ती वळून बघायची

“दोन्ही कानांकडून काहीच प्रतिसाद नाही,” ऑडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे माणसाला किती ऐकू येतं ते मोजणारे. जुई माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. तिच्या कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवलेल्या होत्या.

“काहीच म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही तिच्या कानाशी ओरडलात तरी पोचणार नाही.”

माझा नवरा महेश दाराजवळ उभा होता. तो लगेच पुढे आला. “नाही मॅडम, ऐकते ती. लाइट गेली, लूम बंद पडले, की ताबडतोब वळून बघते. घरातल्या सगळ्यांनी बघितलंय.”

“लूम कुठे आहेत तुमचे?”

“घराखालीच. खाली यंत्रमागाचा कारखाना, वर आम्ही.”

मॅडमनी जुईच्या कपाळावरची एक वायर सोडवली. मग म्हणाल्या, “तिला जमीन थरथरायची थांबल्याचं कळतं. आवाज थांबल्याचं नाही.”

जुई तेव्हा दोन वर्षांची होऊन गेली होती. त्या बंद खोलीत मी रडले नाही. मला राग आला होता. तो राग अजून पुरता गेलेला नाही आणि तो जावा म्हणून मी हे लिहीत नाहीये. तुमच्या घरात बोलायला उशीर लागलेलं मूल असेल आणि चारचौघं ‘थांबा, बोलेल’ म्हणत असतील, तर तुम्ही थांबू नये म्हणून लिहितेय.

आमचं घर भिवंडीत, लूमच्या गल्लीत. आमची गल्ली बोलत नाही, ओरडते किंवा हातवारे करते. लूम चालू असताना शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात सगळं हातांनी चालतं. अंगठा तोंडाशी नेला की चहा. दोन बोटं एकत्र आणून झटकन दूर केली की तार, म्हणजे मागावरचा धागा, तुटली. मिशीला पीळ दिला की मालक येतोय. महेशला मिशी नाही, तरी त्याच्यासाठीही हीच खूण. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, ही माणसं भांडतायत की नाचतायत? वर्षभरात मीही जिन्यावरून हातांनीच विचारायला लागले, जेवायला येताय का.

जुई याच घरात वाढली. रांगायला लागायच्या आधी ती अंगठा तोंडाशी न्यायची आणि कारखान्यातले सगळे हसायचे. “भाभी, बिटिया चाय माँगती है!” बिस्कीट मोडलं की दोन बोटं झटकन दूर. चपलेचा पट्टा तुटला, फुगा फुटला, आजी रुसली, सगळ्याला तीच तार तुटल्याची खूण. आम्हाला केवढं कौतुक! एवढीशी पोर आणि किती हुशार. ती हुशार होतीच. सगळे हातांनी बोलत होते, म्हणून तीही हातांनी बोलत होती. दुसऱ्या कुठल्या घरात हे लवकर कळलं असतं. आमच्याकडे ती इतरांसारखीच दिसत होती.

पहिला वाढदिवस झाला तरी ती ‘आई’ म्हणेना. सासूबाई म्हणाल्या, “महेश पन उशिराच बोलला. आपल्याकडं पोरं उशिरा बोलतात, काय होत न्हाय.” वर कोमट तेल कानात घालायच्या. नंतर कानाच्या डॉक्टरांनी त्या तेलावरून आमची खरडपट्टी काढली. कानात तेल, पाणी, काहीही घालू नका, तुमची आजी कितीही रागावली तरी.

मी मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. नावाजलेले, बाहेर नेहमी गर्दी. त्यांनी जुईच्या पाठीमागे टाळी वाजवली. टेबलाच्या काचेत त्यांचा हात हलताना दिसला असणार, ती वळली. “कान उत्तम आहेत. घरात मराठी, खाली हिंदी, दोन भाषा कानावर पडतात म्हणून मूल गोंधळलंय. मोबाइल बंद करा. बोलेल.” पुढच्या वर्षी पुन्हा गेले तर पुन्हा टाळी, पुन्हा तेच. या गल्लीत दोन भाषा कानावर न पडलेलं एक मूल मला दाखवा. तीन-तीन भाषांत शिव्या देतात पोरं! गोंधळ त्यांचा कधी झाला नाही.

मग अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं. अंगणवाडी आमच्याच गल्लीत, दोन्ही बाजूंना कारखाने. वजन केलं, उंची मोजली, दंडाला पट्टी लावली, जंताची गोळी दिली. कानांची तपासणी म्हणून पथकातल्या ताईंनी खुळखुळा वाजवला. तो खुळखुळा मला ऐकू आला नाही! शेजारी उभ्या असलेल्या सेविकेलाही आला नसेल. जुई समोरच्या सेविकेकडे बघून हसली आणि ताईंनी मान डोलावली, कान ठीक, पुढचं मूल आणा. लूमच्या खडखडाटात ऐकण्याची तपासणी.

ती जन्मली तेव्हाच हे कळू शकलं असतं. ओएई नावाची तपासणी असते. बाळाच्या कानात छोटी नळी ठेवतात, ती बारीक आवाज सोडते आणि निरोगी कानातून येणारा प्रतिध्वनी पकडते. बाळाला काही दुखत नाही, लगेच होते. जिथे जुईचा जन्म झाला तिथे आम्हाला बाळाचा फोटो फ्रेम करून दिला, गुलाबी टोपी दिली, पेढे कुठून घ्यायचे तेही सांगितलं. कानाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

कळलं ते माझ्या माहेरी, अंजूरला. तिथे आमच्या घरासमोर पूर्वी भातशेती होती, आता गोदामं आहेत आणि दिवसभर ट्रेलर आत-बाहेर करतात. जुई रस्त्याकडे पाठ करून मातीत खेळत होती. एक ट्रेलर मागे यायला लागला. मागे येताना तो पीं-पीं ओरडतो, ते अख्ख्या गावाला ऐकू जातं. मी ओट्यावरून हाक मारली. माझी आई ओरडली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. जुई माती भरत राहिली.

मी कशी धावले मला आठवत नाही. तिला उचललं तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघून हसली आणि दोन बोटं झटकन दूर केली. तिचा मातीचा डोंगर मोडला होता.

आई म्हणाली, “गो, ही पोर आयकत न्हाय.” अंजूरची जमीन थरथरत नव्हती. तिला सांगायला तिथे काहीच नव्हतं.

त्यानंतर सुरू झाली रखडपट्टी. खरं उत्तर देते ती तपासणी बेरा. झोपलेल्या मुलाच्या कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का, ते स्क्रीनवरच्या लाटांत दिसतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात मशीन होतं. निळ्या प्लास्टिकखाली झाकलेलं. चालवणारं माणूस बदलून गेलं होतं आणि त्या जागी कोणी आलं नव्हतं. “मशीन है, आदमी नहीं है,” तिथला शिपाई म्हणाला, जसं काही पाऊस नाही म्हणतोय. मशीन विकत घेताना फोटो निघाले असतील, फीतही कापली असेल. ते चालवायला माणूस लागतो, हे कोणाच्या डोक्यात येऊ नये?

ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलची तारीख मिळाली. सांगितलं, मूल झोपलेलंच हवं, म्हणून सकाळपासून झोपू देऊ नका. मी जुईला गाणी दाखवली, पाणी मारलं, गुदगुल्या केल्या. तिथे त्यांनी झोपेचं सिरप दिलं. आवाज न येणारी खोली, मऊ गादी, मंद दिवा. जुई टक्क जागी. पेंगायची, मान टाकायची आणि दचकून उठायची. जन्मापासून ती थरथरत्या जमिनीवर झोपली होती. न हलणारी गादी तिला भीतीदायक वाटत असणार. शेवटी ती हमसून रडायला लागली आणि खोलीची वेळ संपली. बाहेर रांग होती.

“दुसरी तारीख घ्या,” काउंटरवरचा माणूस म्हणाला. दुसरी तारीख कितीतरी आठवड्यांनंतरची. मी तिथेच आवाज चढवला. लूमच्या गल्लीतला आवाज आहे माझा, सगळा मजला बाहेर आला. महेश माझा हात ओढत होता. मी म्हटलं, ओढू नकोस, आजपर्यंत गप बसूनच एवढं झालंय.

तो आवाज ऐकून ऑडिओलॉजिस्ट मॅडम बाहेर आल्या. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, “जेवणाच्या सुट्टीत करू. तिला झोपवून आणा. कसं झोपवायचं ते तुम्ही ठरवा.”

आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्याला सांगितलं, कुठे जायचं नाही, खड्ड्यातून फिरवत राहा. तो आरशातून आमच्याकडे संशयाने बघत होता. ठाण्यात त्या दिवशी खड्डे शोधावे लागले नाहीत, तेवढी एक सरकारी सोय पूर्ण होती. हॉस्पिटलभोवती घिरट्या घालता घालता जुई महेशच्या छातीवर झोपली. आम्ही तिला तशीच आत नेली. मॅडमनी हातातला डबा तसाच बाजूला ठेवला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांनी जेवण सोडलं म्हणून जुईचं निदान झालं, हेही विसरणार नाही. ज्यांच्या आईला ओरडता येत नाही, त्यांच्या मुलांचं काय होतं?

मॅडमनी नंतर नीट समजावलं. “हे जन्मापासूनचं आहे, लूममुळे नाही. ऐकतो तो मेंदू. लहानपणी त्याला आवाज मिळाला नाही, तर ऐकण्याची जागा तो दुसऱ्या कामाला लावतो. मग नंतर यंत्र बसवूनही शब्द कळणं कठीण होतं. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. आता एक दिवस फुकट घालवू नका.” जाता जाता त्यांनी महेशचेही कान तपासले. त्याच्या कानांवर लूमचा परिणाम झाला होताच. तो म्हणाला, “आमच्याकडे सगळ्यांचंच असं आहे,” जणू सर्दी झालीय.

आधी कानाबाहेरची श्रवणयंत्रं लावून बघितली. त्यांचा काही उपयोग झाला नाही. मग कॉक्लिअर इम्प्लांट ठरलं. म्हणजे ऑपरेशन करून कानामागे त्वचेखाली एक छोटं यंत्र बसवतात. त्याची बारीक तार आतल्या शंखासारख्या कानात जाते. बाहेर कानावर प्रोसेसर असतो आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटणारी गोल कॉइल. सरकारी योजनेतून ते होतं, आमचंही झालं. पण योजनेला वयाची अट होती आणि जुई त्या अटीच्या काठावर उभी होती. ज्यांनी ‘थांबा’ म्हणून तिचं वय वाया घालवलं, त्यांनाच आता वयाची घाई. एमआरआय झाला, लसी झाल्या, मग जुईला ताप आला आणि ऑपरेशन पुढे गेलं. तो ताप उतरेपर्यंत मी कोणाशी धड बोलले नाही. सासूबाई गणेशपुरीला जाऊन नवस बोलून आल्या. मी अडवलं नाही. त्या आता निदान ‘थांबा’ म्हणत नव्हत्या.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरल्यावर यंत्र चालू करायचा दिवस आला. मोबाइलवर तुम्ही व्हिडिओ बघितले असतील, आवाज ऐकून बाळ हसतं, आई रडते. आमच्याकडे जुईने किंकाळी फोडली, कॉइल उपटली आणि मॅडमच्या अंगावर फेकली. “छान,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे ऐकू आलं.”

स्पीच थेरपिस्ट, म्हणजे ऐकायला आणि बोलायला शिकवणाऱ्या ताई, म्हणाल्या की आता हातांनी बोलू नका. खुणा केल्या तर ती ऐकायचा त्रास घेणार नाही. आणि लूमच्या वर राहू नका, त्या आवाजात हिला शब्द सापडणार नाहीत. मला ताईंचाही राग आला. पोरीकडे जी एकच भाषा होती ती सोडायची? महेश तर अक्षरशः हात मांडीखाली दाबून तिच्याशी बोलायचा. तिने अंगठा तोंडाशी नेला की तो मान फिरवायचा, मग जिन्यात जाऊन डोळे पुसायचा. तार तुटल्याची खूण मात्र आम्ही ठेवली. ताईंना सांगितलं, ही जाणार नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ठेवा.

मी जुईला घेऊन अंजूरला राहायला गेले. महेश रोज शिफ्ट संपवून मोटरसायकलवर यायचा. सासूबाईंना ते सहन होईना. “घर सोडून माहेरी? लोक काय बोलतील?” मी म्हटलं, “आई, बोलू द्या लोकांना. आपल्या पोरीला त्यांचं बोलणं ऐकू यायला पाहिजे, म्हणून तर चाललेय.” चार दिवसांनी त्या सुकटीची चटणी घेऊन स्वतःच अंजूरला आल्या आणि राहिल्या.

महिनोन्‌महिने आम्ही दिवसभर बोलत राहिलो. भांडं, पाणी, कोंबडी, ट्रेलर. जुई ऐकायची, रागावली की कॉइल काढून ठेवायची. मला हेवा वाटायचा, अशी सोय मला असती तर? आणि एके दिवशी माझी आई तिला भरवत होती, मटकीचा तिसरा घास पुढे केला, आणि जुई म्हणाली, “न्हाय.”

आईच्या हातातून घास पडला. आईने पुन्हा विचारलं, जुई पुन्हा म्हणाली, “न्हाय!” पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘बाबा’ही नव्हता. मी मोरीत जाऊन रडले, पहिल्यांदाच. महेशला फोन केला तर लूमच्या आवाजात त्याला काही कळेना. शेवटी व्हिडिओ कॉल लावला आणि आम्ही दोघांनी हातांनीच बोलून घेतलं.

जुई आता वाक्यं बोलते. थोडी बोबडी, कधी शब्द गाळते, पण भांडण पूर्ण करते. इथे मी हे संपवू शकले असते. पण परवा कळलं की अंगणवाडीत पुन्हा पथक येणार आहे आणि माझं डोकं तडकलं. पुन्हा तोच खुळखुळा, तोच खडखडाट?

पथक कचेरीच्या वेळेतच येणार, सुट्टीच्या दिवशी नाही. तेव्हा गल्लीच बंद करायची असं मी ठरवलं. आमच्याकडे कामाच्या दिवशी लूम फक्त लाइट गेल्यावर थांबतात. कारागिरांची मजुरी कापडाच्या मीटरवर, मालकांचा माल अडलेला, कोण थांबवणार? महेशने आमचा कारखाना बंद करायचं लगेच मान्य केलं, पण बाकीच्यांसमोर तो चाचरायला लागला. मग अंजूरहून येऊन मीच दारोदार गेले. महेशचे चुलते सगळ्यात कडक. “अर्धा तास लूम बंद? डोकं फिरलंय काय तुझं?” मी म्हटलं, “काका, रोज लाइट जाते तवा गप बसता ना? मग उद्या माझ्यासाठी बसा.” त्यांनी घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, “बरं. पन जास्त न्हाय.”

दुसऱ्या दिवशी पथक आल्यावर एकेक कारखाना बंद होत गेला. गल्लीत इतकी शांतता झाली की लोक दारात येऊन आभाळाकडे बघायला लागले. कारागीर पायऱ्यांवर बसले, काही विड्या ओढत, काही माझ्यावर वैतागत. पथकातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्या म्हणाल्या, “इतकं शांत आम्हाला कुठेच मिळत नाही.” मी म्हटलं, “मागून वाजवा, त्यांना दिसू देऊ नका.” मी आणलेली देवघरातली घंटी त्यांनी हातात घेतली.

मुलं वळत गेली. माझ्याबरोबर आलेली जुई तर प्रत्येक घंटीला वळायची, तिची तपासणी नसताना.

मग रुखसाना बसली. तिचा नवरा आमच्याच कारखान्यात लूम चालवतो, राहतात ते गल्लीतच, एका कारखान्याच्या वर. मांडीवर तिचं बाळ, अजून बसायला शिकतंय. मागून घंटी वाजली. बाळ माझ्या बांगड्यांशी खेळत होतं. पुन्हा वाजली, जोरात. बाळ बांगड्यांशीच खेळत होतं.

“खेल में लगा है,” रुखसाना हसत म्हणाली. “सुनता है भाभी. लूम बंद होता है ना, तो फ़ौरन इधर-उधर देखता है.”

मी डॉक्टरांकडे बघितलं.

डॉक्टर म्हणाल्या, “लहान आहे अजून. पुढच्या फेरीत पुन्हा बघू या.”

“पुढच्या फेरीत नाही,” मी म्हटलं. माझा आवाज त्या शांततेत सगळ्या गल्लीला ऐकू गेला असणार. डॉक्टरांनी पेन काढलं आणि तिथेच ठाण्याची चिठ्ठी लिहायला घेतली.

रुखसाना घाबरली होती. “क्या हुआ भाभी? मेरा बच्चा ठीक है ना?” मी तिच्यासमोर खाली बसले. तिला खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं मलाही माहीत नव्हतं. बाळाने माझी बांगडी तोंडात घातली होती. जुई माझ्या खांद्यावरून वाकून त्याच्याकडे बघत होती.

“कल सुबह मेरे साथ ठाणे चल,” मी म्हटलं. “इसको सुबह सोने मत देना. वहाँ सुलाना पड़ता है.”

“बिस्तर पे ये सोता नहीं भाभी. नीचे लूम चलता है तभी सोता है.”

“मालूम है,” मी म्हटलं. “रिक्षा में सुलाएँगे.”